अंदमानातील दहा दिवस : एका निसर्ग-सहलीचे परीक्षण

अंदमानला जाणारा मराठी माणूस बहुधा सेल्युलर जेलच्या ओढीने जातो आणि ते योग्यच आहे; परंतु त्या कोठड्यांपुढे नतमस्तक होऊन तो दुसऱ्या दिवशी स्वराज द्वीपाच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटाच्या, बोटीत बसतो, चार दिवसांनी परततो, आणि ज्या अरण्याने व समुद्राने या बेटांना तुरुंग बनवले ते अरण्य त्याने पाहिलेलेच नसते. माझेही पहिल्या भेटीत तसेच झाले होते. म्हणून फेब्रुवारी २०२५मध्ये मी पुन्हा गेलो, तो केवळ निसर्ग-सहली काढणाऱ्या एका संस्थेबरोबर, दहा दिवसांसाठी. विमानभाडे वगळून प्रत्येकी ७२ हजार रुपये शुल्क होते. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी गंभीर आहेत आणि त्यांवर त्यांच्याशी बोलणे चालू आहे. मात्र अशा कोणत्याही सहलीची निवड करताना काय विचारावे, हे ठरवायला पुढील मजकूर उपयोगी पडेल असे वाटते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ताडोबाची सवय असलेल्या माणसाने इथे ती सवय बाजूला ठेवूनच यावे. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही, माकडसुद्धा नाही. मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी मूळचे म्हणावे असे रानडुक्कर तेवढे आहे. ही बेटे म्हणजे म्यानमारमधील आराकान पर्वतरांगेचे समुद्रातून वर आलेले माथे आहेत, आणि चेन्नई व कोलकाता या दोन्ही शहरांपासून ती सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहेत. त्यामुळे इथले वृक्ष, पक्षी आणि सरपटणारे जीव आपल्या सह्याद्रीपेक्षा आग्नेय आशियाला अधिक जवळचे आहेत, आणि दीर्घकाळ वेगळे राहिल्यामुळे त्यांतील कित्येक जाती जगात अन्यत्र कुठेही नाहीत. केवळ पक्ष्यांचाच विचार केला तर अंदमान-निकोबारपुरत्या मर्यादित असलेल्या जाती वीसहून अधिक आहेत. पहिल्या संध्याकाळी आमच्या निसर्ग-अभ्यासक ताईंनी हे सारे नकाशा पसरून तासभर समजावून सांगितले. वयाने त्या आमच्यातील बहुतेकांपेक्षा लहान होत्या, तरी सगळे त्यांना ताईच म्हणत. "इथे मोठे काही दिसेल म्हणून थांबायचे नाही, वेगळे काय आहे ते पाहायला थांबायचे," असे त्यांनी सांगितले, आणि पुढचे दहा दिवस त्या स्वतः याच रीतीने वागल्या. त्यांच्या जोडीला वांडूरकडील एक स्थानिक गाइड होते. त्यांचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून इथे वसवल्या गेलेल्या निर्वासितांपैकी होते. या दोघांमुळे सहलीला जे मोल आले, ते कार्यक्रमपत्रिकेतल्या कोणत्याही ठिकाणामुळे आले नसते.

दिवसाचे वेळापत्रक प्रथम अंगवळणी पडत नाही. घड्याळ भारताचे आणि सूर्य ब्रह्मदेशाचा, अशी इथली स्थिती आहे. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास फटफटते आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारू लागते, त्यामुळे पहाटे चार वाजता चहा आणि रात्री आठला झोप हा क्रम ठेवावा लागतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी या सहलीला येऊ नये, कारण सात वाजेपर्यंत जंगलातील अर्धे काम आटोपलेले असते.

पहिले ठिकाण होते श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून जवळच असलेले सिप्पीघाट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ही पाणथळ जागा पाहून ती निसर्गतः तशीच असावी असे वाटते. परंतु २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळपर्यंत इथे भातशेती होती. त्या दिवशीच्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली आणि शेतांत शिरलेले समुद्राचे पाणी परत गेलेच नाही. उत्तरेकडे नेमके उलट घडले. तिथला पश्चिम किनारा वर उचलला गेला आणि उघडे पडलेले प्रवाळ उन्हात मेले. नारळाची वठलेली खोडे पाण्यात उभी आहेत आणि त्यांच्या मधून अंदमान टील हे तपकिरी, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले दुर्मिळ बदक पोहत आहे, हे दृश्य मी विसरू शकत नाही. गाइडदादांच्या नात्यातल्या एकांचे शेत त्याच पाण्याखाली आहे. पक्ष्याला मिळालेला आसरा आणि माणसाने गमावलेली जमीन या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच शांत आवाजात सांगितल्या. गाडीतून न उतरता इथून पुढे जाणाऱ्या टुरिस्ट बसेस मी मोजल्या नाहीत, पण त्या पुष्कळ होत्या.

दुसरा दिवस चिडिया टापूला दिला होता. दक्षिण अंदमानचे हे टोक सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे संध्याकाळी तिथे गर्दी उसळते आणि सूर्य बुडताच ओसरते. आमचे काम त्यानंतर सुरू झाले. रस्त्याच्या कडेला, दिवे विझवून, आम्ही जवळजवळ पाऊण तास एका शब्दानेही न बोलता उभे राहिलो. प्रथम अंदमान नाइटजारचा, म्हणजे इथल्या रातव्याचा, आवाज आला. मग कुठूनतरी खोलवरून ह्यूम्स हॉक-आउल या घुबडाचा. एकोणिसाव्या शतकात या बेटांवरील पक्ष्यांच्या नोंदी करणाऱ्या अॅलन ह्यूम यांचे नाव त्याला मिळाले आहे. शेवटी अंदमान स्कॉप्स आउल हे वीतभर उंचीचे घुबड आमच्यापासून दहा-बारा पावलांवर येऊन बसले. ताईंनी विजेरीचा झोत पक्ष्यावर न टाकता बाजूच्या पानांवर टाकला, त्या उरलेल्या उजेडात त्याचे पिवळे डोळे क्षणभर दिसले, आणि दहा सेकंदांत विजेरी विझली.

इथे एक प्रसंग घडला. आमच्यातील एका छायाचित्रकाराने मोबाइलवर त्या घुबडाचा आवाज वाजवण्याची विनंती केली, कारण आवाज ऐकला की पक्षी प्रतिस्पर्धी आला असे समजून समोर येतो. ताईंनी सौम्यपणे पण ठामपणे नकार दिला. हंगामात रोज रात्री एखादा तरी गट त्याच रस्त्यावर त्याच पक्ष्यांना असे बोलावत असेल, तर त्यांचा शिकारीचा आणि घरट्याचा वेळ अस्तित्वातच नसलेल्या शत्रूचा शोध घेण्यात जातो, असे त्यांचे म्हणणे होते. ते गृहस्थ नाराज झाले. मला मात्र सहलीची खरी प्रत त्या क्षणी कळली, कारण ग्राहकाला नकार देण्याचे स्वातंत्र्य संस्थेने आपल्या माणसांना दिले होते, आणि पैसे घेऊन हे स्वातंत्र्य देणाऱ्या संस्था थोड्या आहेत.

तिसऱ्या दिवशीची माउंट मणिपूरची वाट ही या सहलीतील जंगलाची सर्वांत समृद्ध वाट. पूर्वीचे माउंट हॅरिएट ते हेच. नाव २०२१मध्ये बदलले. सदाहरित वनाचा इतका सहज अनुभव देणारी जागा शहराच्या इतक्या जवळ असेल असे वाटत नाही. गर्जन वृक्षांची सरळसोट खोडे कितीतरी उंचीपर्यंत एकही फांदी न फुटता वर जातात, पडाउकच्या बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे पसरलेली असतात, आणि वेत व वेलींनी मधली जागा अशी भरून काढलेली असते की उजेड खाली पोहोचेपर्यंत हिरवा झालेला असतो. पहिला अर्धा तास काहीही दिसले नाही. मग कोतवाल पक्ष्यांचा आवाज आला आणि त्यांच्यामागून निरनिराळ्या पक्ष्यांचा मिश्र थवा अवतरला. त्यात निखारे, हळद्या, अंदमान बुलबुल होते आणि एका सुकलेल्या खोडावर काळाकुट्ट, लाल तुऱ्याचा अंदमान सुतार होता. जेमतेम पाच मिनिटांत सारा थवा वाटेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला निघून गेला आणि जंगल पुन्हा रिकामे झाले. पाऊसवनात पक्षी सगळीकडे विखुरलेले नसतात, ते असे एकत्र फिरतात, म्हणून धावण्याऐवजी थांबावे, हे पुस्तकात वाचलेले वाक्य तिथे डोळ्यांनी वाचता आले.

त्याच वाटेवर गाइडदादांनी एका बांबूवर बसलेली हिरवीगार, पाठीवर लाल ठिपके असलेली पाल दाखवली. ही अंदमानची दिवसा वावरणारी पाल. तिच्या जवळच्या नात्यातील बाकी जाती मादागास्कर आणि हिंदी महासागराच्या पश्चिमेकडील बेटांवर राहतात आणि ही एकटीच हजारो किलोमीटर पूर्वेला येऊन पोहोचली आहे. या पालीसमोर आम्ही वीस मिनिटे थांबलो. संपूर्ण सहलीत मला सर्वाधिक आनंद कशाने दिला असे कोणी विचारले तर मी कासवाच्या आधी या पालीचे नाव घेईन.

परंतु याच वाटेवर संस्थेची पहिली मोठी चूक जाणवली. माहितीपत्रकात गट दहा जणांचा असेल असे छापले होते. प्रत्यक्षात आम्ही चौदा जण होतो. अरुंद पायवाटेवर चौदा माणसांची रांग झाली की पुढच्या चौघांना पक्षी दिसतो, मधल्यांना पान हललेले दिसते आणि शेवटच्यांना पुढच्याची पाठ. ताईंनी दोन गट करून वेळ सावरली, पण दुसऱ्या गटाबरोबर केवळ गाइडदादा राहिले आणि त्यांचे हिंदी स्पष्टीकरण मागच्या दोघा ज्येष्ठांना नीट ऐकू येत नव्हते. चार जास्तीच्या माणसांचे शुल्क घेतले असेल तर एक जास्तीचा जाणकारही द्यायला हवा होता.

हरणांचा विषय इथेच सांगतो. आदल्या दिवशी दुपारी आम्ही नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, म्हणजे जुन्या रॉस बेटावर, ब्रिटिशांच्या पडक्या इमारतींतून फिरणारी चितळे पाहिली होती आणि सर्वांनी हौसेने छायाचित्रे घेतली होती. माउंट मणिपूरवर ताईंनी जमिनीकडे बोट दाखवून विचारले की, एवढ्या मोठ्या झाडांखाली रोपे इतकी कमी का दिसतात. चितळ हा इथला प्राणी नाही. ब्रिटिशांनी तो शिकारीसाठी आणून सोडला, त्याला खाणारा कोणीही इथे नाही, तो पोहून बेटांमागून बेटे व्यापत गेला आणि आता उगवणारी रोपे खाऊन वनाची पुढची पिढीच संपवत आहे. इंटरव्ह्यू बेटावर लाकूड-कंपनीने सोडून दिलेल्या हत्तींमुळेही असेच नुकसान झाले. मुख्य भूमीवर ज्या प्राण्याच्या दर्शनाने मन प्रसन्न होते, तो बेटावर उपद्रव ठरू शकतो, हे समजणे आमच्यापैकी अनेकांना जड गेले.

आता ज्या निर्णयामुळे मी या संस्थेला पुन्हा पैसे द्यायला तयार होईन, त्याविषयी लिहितो. उत्तर अंदमानला जाण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे अंदमान ट्रंक रोड. जिरकाटांगपासून पुढे हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो, आणि गाड्यांचे ताफे पोलीस बंदोबस्तात ठरलेल्या वेळी सोडले जातात. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला हजारो पर्यटक याच रस्त्याने जातात, आणि त्यांपैकी कितीजण गुहांसाठी व कितीजण खिडकीतून जारवा दिसतील या आशेने जातात, हे ताफ्याच्या रांगेत उभे राहिलेल्याला विचारावे लागत नाही. हे आदिवासी संख्येने काही शेच आहेत. १९९७च्या अखेरीपासून ते जंगलाबाहेर येऊ लागले, आणि बाहेरचे आजार व व्यसने यांचा धोका त्यांच्यासाठी तेव्हापासून वाढला. या क्षेत्रातून जाणारा रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये दिला होता, तरी वाहतूक चालूच आहे. उत्तरेकडील गावांत राहणाऱ्यांना रुग्णालयासाठी, बाजारासाठी हा रस्ता लागतो आणि त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण पर्यटकाला तो लागत नाही. आमच्या संस्थेने डिगलीपूरला जाण्यासाठी जाता-येता दोन्ही वेळा जहाज ठेवले होते आणि बाराटांग कार्यक्रमातून पूर्णपणे वगळले होते. गटातील तिघांनी यावर वाद घातला. त्यांना उत्तर देताना ताईंनी आवाज चढवला नाही, मात्र निर्णयही बदलला नाही.

या निर्णयाची किंमत वेळेत मोजावी लागते. सरकारी जहाज रात्रभर चालते, त्याचे वेळापत्रक हवामानानुसार बदलते आणि तिकिटे फार आधी मिळत नाहीत, म्हणून कार्यक्रमात एक मोकळा दिवस राखून ठेवला होता. जहाजावर साध्या सोयी आहेत. जेवण पोटभर आणि बेचव, स्वच्छतागृहे जेमतेम. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी निघण्याआधीच गोळी घ्यावी. पहाटे मात्र डेकवर उभे राहून उजळणारी जंगलाने भरलेली डोंगरांची रांग आणि तिच्यावरून फिरणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड पाहताना रात्रीचा शीण आठवत नाही.

डिगलीपूरजवळचा काळीपूरचा किनारा हा या प्रवासाचा गाभा आहे. करड्या-काळ्या वाळूच्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि लेदरबॅक या चारही जातींची समुद्री कासवे अंडी घालायला येतात, आणि चारही जाती एकाच किनाऱ्यावर येणे ही फार विरळ गोष्ट आहे. वेळासच्या किनाऱ्यावर पिल्लांना समुद्रात जाताना पाहिलेल्यांना कासवांचा विषय ओळखीचा असतो, पण अंडी घालणारी मादी पाहणे हा वेगळाच अनुभव आहे आणि त्यासाठी करावी लागणारी प्रतीक्षाही वेगळी आहे. वन विभागाच्या कर्मचाऱ्यांबरोबर आम्ही दोन रात्री किनाऱ्यावर बसलो. नियम कडक होते : मोबाइल बंद, पांढरा उजेड नाही, भडक कपडे नाहीत, उभे राहायचे नाही. पहिल्या रात्री नऊपासून दीडपर्यंत बसूनही केवळ वाळूमाशांचे चावे पदरी पडले. दुसऱ्या रात्री एकच्या सुमारास गस्तीवरील कर्मचारी परत आला आणि त्याने हाताने थांबण्याची खूण केली. लाटेच्या काठावर एक गोल काळा आकार वर सरकत होता.

ती ऑलिव्ह रिडले होती. ती वाळूत चढली, थांबली, पुन्हा चढली, आणि झुडपांच्या थोडी अलीकडे मागच्या पायांनी खड्डा खणू लागली. त्या वेळी आम्हाला जवळ जाऊ दिले नाही, कारण खणताना विचलित झालेली मादी अंडी न घालताच परत जाते. पहिली अंडी पडू लागल्यावरच, आणि तेही मागच्या बाजूने, चौघाचौघांना पुढे नेले. लाल विजेरीच्या मंद उजेडात ती पांढरी, ओलसर अंडी दोन-दोन, तीन-तीन करून पडत होती. नंतर तिने वाळू ओढून खड्डा बुजवला आणि आपले सारे शरीर डावीकडून उजवीकडे आपटत ती जागा दाबून घेतली. तो थपथप आवाज लाटांच्या आवाजात वेगळा ओळखू येत होता. ती समुद्राकडे वळली तेव्हा आम्ही सगळे खाली वाळूत बसून होतो आणि कोणीही बोलत नव्हते. कर्मचाऱ्यांनी अंडी मोजली, ती १०७ भरली. कुत्री, घोरपडी आणि रानडुकरे यांच्यापासून वाचवण्यासाठी ती त्याच रात्री कुंपण घातलेल्या उबवण-केंद्रात पुरली गेली. वाळूच्या तापमानावर पिल्लांचे लिंग ठरते आणि तापलेल्या वाळूत माद्याच अधिक जन्मतात, म्हणून केंद्रावर सावलीची व्यवस्था केली होती.

लेदरबॅक आम्हाला दिसले नाही. पाच-सहा फूट लांबीचे हे कासव पाहण्याची इच्छा मनात राहिली आहे. लिटल अंदमानवर उपग्रह-यंत्र बसवलेल्या लेदरबॅक माद्यांपैकी काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि काही आफ्रिकेच्या दिशेने गेल्याची नोंद आहे, असे ताईंनी त्या रात्री सांगितले. त्यांच्या विणीच्या सर्वांत महत्त्वाच्या किनाऱ्यांपैकी एक, ग्रेट निकोबारचा गॅलाथिया उपसागर, २०२१मध्ये अभयारण्याच्या यादीतून वगळण्यात आला आणि तिथे मोठे बंदर उभारण्याचा प्रकल्प आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवली जाणार आहे. ही माहिती सहलीच्या आनंदात अडथळा आणते म्हणून टाळली गेली नाही, याचे मला समाधान वाटते.

सॅडल पीक हे ७३२ मीटर उंचीचे अंदमानातील सर्वोच्च शिखर आहे. आम्ही त्याच्या पायथ्याची समुद्राकाठची वाट तेवढी चाललो आणि ती पुरेशी होती. ओहोटीला वाळूच्या पट्ट्याने जोडली जाणारी रॉस (हे आधी सांगितलेल्या रॉसहून वेगळे) आणि स्मिथ ही जुळी बेटे सुंदर आहेत, परंतु तिथे वन्यजीवांच्या दृष्टीने दोन तासांहून अधिक थांबण्यासारखे काही नव्हते आणि आम्हाला पाच तास ठेवले गेले.

प्रवाळांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण इथे अपेक्षाभंग होण्याची शक्यता आहे. वांडूर येथून जॉली बॉय बेटावर नेतात. १९८३मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील पंधरा बेटांपैकी हे एक आहे. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आलटून पालटून वर्षाचा काही काळ खुली ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला विश्रांती मिळते. धक्क्यावर प्लास्टिकची तपासणी होते आणि ती मनापासून केली जाते. तिवरांच्या खाडीतून बोट बाहेर पडते तेव्हाचे पाणी इतके नितळ आहे की खोलीचा अंदाज चुकतो. पण पाण्यात डोके घातल्यावर दिसतात ते बहुसंख्य तुटलेले, राखाडी, शेवाळ चढलेले शिंगाळ प्रवाळ. २०१०मध्ये समुद्राचे पाणी तापून इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि त्यांतले पुष्कळ मेले. त्यानंतरही तापमानवाढीचे धक्के बसतच राहिले. जे टिकले आहेत ते गोलाकार, सावकाश वाढणारे प्रवाळ. त्यांच्यावर जांभळ्या-निळ्या ओठांचे मोठे शिंपले, फुलपाखरू मासे, समुद्रफुलांत दडलेले विदूषक मासे दिसतात आणि ते आजही मन भारून टाकतात. ताईंनी बोटीत बसण्याआधीच मेलेले प्रवाळ कसे ओळखावेत आणि वाचलेले कुठे शोधावेत हे सांगितले होते, त्यामुळे आम्ही काय पाहत आहोत ते आम्हाला कळले. शेजारच्या बोटीतील लोकांना रंगीत बाग दाखवण्याचे आश्वासन दिले होते आणि ते निराश होऊन परतले. शंख-शिंपले किंवा प्रवाळाचा तुकडाही बेटावरून नेण्यास मनाई आहे आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते, हेही लक्षात ठेवावे.

शेवटचे दोन दिवस स्वराज द्वीपावर घालवले, आणि सहलीचा हा भाग मी निःसंशय वगळावा असे सुचवीन. निसर्ग-सहलीचा दोन-दशांश वेळ वॉटर-स्पोर्ट्सच्या गजबजाटात जातो. हत्ती-किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या धुरात उभे राहून मासे शोधायचे होते, आणि एका नावाड्याने पर्यटकांच्या आग्रहावरून पाण्यात पावाचे तुकडे टाकले, तेव्हा ताईंनी आम्हाला सरळ बाहेर बोलावले. अपवाद होता तो एका रात्रीचा. चंद्र उगवण्यापूर्वी तिवरांच्या खाडीत कयाक नेल्या, वल्हे पाण्यात बुडवताच निळसर ठिणग्या उठल्या, आणि हात फिरवला तर बोटांभोवती प्रकाश फिरला. पाण्यातील सूक्ष्म जीव ढवळले गेले की असा उजेड देतात. तो एक तास अविस्मरणीय होता. पण त्यासाठी दोन दिवस देण्याची गरज नव्हती, आणि ते दोन दिवस काळीपूरला किंवा माउंट मणिपूरला मिळाले असते तर सहलीचा कस वाढला असता.

सर्वांत गंभीर तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. त्याच्या मुखपृष्ठावर नारकोंडम धनेशाचे मोठे छायाचित्र आहे आणि त्याखाली "दुर्गम बेटांवरील दुर्मिळ पक्षी" असे शब्द आहेत. हा धनेश जगात केवळ नारकोंडम या सुमारे सात चौरस किलोमीटरच्या ज्वालामुखी-बेटावर राहतो आणि ते बेट सामान्य पर्यटकांसाठी खुले नाही. या सहलीत तो दिसण्याची शक्यता शून्य होती. संपूर्ण निकोबार विभागाचीही स्थिती जवळजवळ तशीच आहे, तरी माहितीपत्रकातील नकाशात निकोबार ठळक रंगात दाखवले होते. गटातील एक निवृत्त शिक्षिका-काकू या धनेशासाठीच आल्या होत्या. श्री विजयपुरमला पोहोचल्यावर त्यांना खरी गोष्ट समजली. रानात पक्ष्याला फसवून बोलावू नये असे मानणाऱ्या संस्थेने ग्राहकालाही फसवून बोलावू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

राहण्याच्या जागा स्वच्छ आणि साध्या होत्या. शाकाहारी जेवण सर्वत्र मिळाले, डिगलीपूरला तर सुरेख बंगाली पद्धतीची डाळ आणि भाजी मिळाली. चालण्याचा ताण मध्यम आहे. रोज पाच-सहा किलोमीटर, दमट हवेत, चढउतारांसह. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना माउंट मणिपूरची वाट जड जाईल. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, लवकर वाळणारे बूट आणि वाळूमाशांसाठी मलम या तीन वस्तूंवाचून जाऊ नये. डिसेंबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. कासवांसाठी चंद्रप्रकाश नसलेल्या रात्री निवडाव्यात. इंटरनेट उत्तरेकडे फार मंद आहे, आणि घरच्यांना तसे आधीच सांगून ठेवावे.

परत आल्यावर मी संस्थेला हे सर्व मुद्दे सविस्तर कळवले. आठवड्याभरात उत्तर आले. पुढील हंगामापासून गट दहाचाच राहील आणि स्वराज द्वीपाचा एक दिवस कमी करून तो डिगलीपूरला दिला जाईल, असे त्यांनी लेखी कळवले आहे. काकूंना शुल्काचा काही भाग परत मिळाला. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरील धनेश मात्र हे लिहीपर्यंत तिथेच आहे, आणि तो काढला जाईपर्यंत मी त्यांना दर महिन्याला पत्र पाठवणार आहे.